ब्लॉक उतरायच्या आधी गोळी: हातापायाच्या ऑपरेशननंतरची पहिली रात्र

भूलतज्ज्ञ 'ब्लॉक देऊ' म्हणाले की घरचे घाबरून विचारतात, 'नसेत सुई?' ब्लॉक म्हणजे फक्त तो हात किंवा पाय काही तास बधिर करणारं इंजेक्शन. इथली नस म्हणजे रक्तवाहिनी नव्हे, चेतातंतू. औषधही त्याच्या आत नाही, भोवती सोडतात; सुईचं टोक सोनोग्राफीच्या पडद्यावर दिसत असतं. बुपिव्हाकेन या बधिर करणाऱ्या औषधाची कमाल मात्रा साधारण किलोमागे 2 मिग्रॅ धरतात. म्हणजे 60 किलोच्या माणसाला 120 मिग्रॅ, 0.5 टक्के द्रावणाचे 24 मिली. म्हणून वजन अंदाजाने सांगू नका, काट्यावर उभे राहा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची पाकिटंच सोबत न्या. त्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. सुई चालू असताना तोंडाला धातूसारखी चव आली, जीभ बधिर वाटली किंवा कानात आवाज घुमला, तर तिथल्या तिथे बोला. औषध रक्तात गेल्याची ती खूण असू शकते.

खांद्याच्या वरच्या ब्लॉकमध्ये त्या बाजूचा श्वासाचा पडदाही (डायफ्रॅम) काही तास ढिला पडू शकतो. दमा किंवा फुप्फुसाचा आजार असेल तर आधीच सांगा. पापणी उतरणं, आवाज घोगरा होणं बहुधा ब्लॉकबरोबरच जातं.

आता मुख्य गोष्ट, वेळेची. डिस्चार्ज कार्डावर तीन गोष्टी लिहून घ्या: कोणतं औषध, किती वाजता, अंदाजे किती तास. एका सुईचा ब्लॉक साधारण 8 ते 18 तास टिकतो. सकाळी 11 ला दिला, तर संध्याकाळी 7 ते पहाटे 5 यांमध्ये कधीही उतरेल, आणि उतरताना दुखणं एकदम उसळतं. 'दुखत नाही, मग गोळी कशाला?' इथेच सगळं बिघडतं. गोळी लागू पडायला अर्धा-एक तास लागतो, दुखणं तेवढी वाट बघत नाही. म्हणून संध्याकाळी 6 वाजताच काही खाऊन पहिली गोळी घ्या, रात्री 12 चा गजर लावा, पुढची गोळी आणि पाणी उशाशी ठेवा. बोटांना मुंग्या आल्या किंवा ती हलू लागली, म्हणजे ब्लॉक उतरू लागला.

पॅरासिटामॉल प्रौढांना दर 6 तासांनी 1 ग्रॅम, 24 तासांत 4 ग्रॅमच्या वर नाही. यकृताचा त्रास, दारू किंवा 50 किलोखाली वजन असेल तर डॉक्टर सांगतील तेवढंच. सर्दीच्या गोळ्यांतही हेच असतं, ते मोजा. डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या मूत्रपिंड किंवा अल्सरचा त्रास असलेल्यांनी विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

बधिर हात झोळीतच राहू द्या. रिक्षात तो बाहेरच्या बाजूला नको, दांड्यावर आपटला तरी कळत नाही. गरम पाण्याची पिशवी अजिबात नको, त्वचा भाजेल. गुडघ्याला मांडीच्या मध्यावरचा ब्लॉक असेल तर ताकद बरीच शाबूत राहते. जांघेतला असेल तर गुडघा अचानक मुडपतो. वाशीतल्या सिडकोच्या जुन्या, बिनलिफ्टच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहत असाल, तर 'कोणता ब्लॉक?' हे विचारूनच जिना चढायचं ठरवा. संडासला जाताना वॉकर आणि सोबत माणूस हवाच.

24 तासांनंतरही बधिरता तशीच असेल तर भूलतज्ज्ञांना फोन करा. दम लागला, किंवा प्लास्टरखाली गोळ्या घेऊनही दुखणं वाढतच गेलं, बोटं गार वा निळी पडली, तर सकाळची वाट बघू नका. ठाण्याच्या घोडबंदर रोडसारख्या ट्रॅफिकचा हिशोब धरून लगेच निघा. आणि ओपीडीचा नाही, रात्री उचलला जाणारा नंबर आधीच घेऊन ठेवा.