एमएसची औषधं घेताना या चुका टाळा

"ताई, दोन वर्षं अटॅक नाही. गोळ्या सोडल्या तर चालतील ना?" एमएस, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस या मेंदू-मज्जारज्जूच्या आजाराच्या रुग्णांचा महिन्यातून एकदा तरी असा फोन येतोच. (अटॅक म्हणजे या आजाराचा नवा झटका, हृदयाचा नव्हे.) हल्ली मी आधी माझीच फजिती सांगते.

मलाही एमएस आहे. मी फिंगोलिमॉड हे औषध घेत होते, रोज ०.५ मिलीग्रॅमची एक कॅप्सूल. तब्येत ठणठणीत. गणपतीला गावी जाताना पाकीट पुण्यातच राहिलं. आठवडाभर काही झालं नाही, म्हणून डोक्यात शहाणपणा शिरला: बघू तरी, खरंच लागते का! डॉक्टरांनाही बोलले नाही. दिवाळी मजेत गेली. नोव्हेंबर संपता संपता एका सकाळी डावा पाय अंथरुणातून उचलेना, चार दिवसांत उजव्या डोळ्यापुढे धुकं. एमएसमध्ये आपल्याच मज्जासंस्थेवर हल्ला करणाऱ्या लिम्फोसाइट या पांढऱ्या रक्तपेशींना हे औषध लसिकाग्रंथींत अडवून ठेवतं. ते बंद केलं की पेशी पुन्हा रक्तात उतरतात आणि काहींना पूर्वीपेक्षा दांडगा अटॅक येतो. नॅटालिझुमॅब हे एमएसचं दुसरं औषध सोडणाऱ्यांनाही हाच धोका. पाच दिवस स्टेरॉइडचं सलाइन झालं. डोळा सुधारला, पाय पूर्ण नाही. जिना चढताना कठडा लागतोच. वर कॅप्सूल पुन्हा सुरू करायला पहिल्या दिवसासारखं सहा तास नाडी-ईसीजी बघत बसावं लागलं, कारण खंड चौदा दिवसांच्या पुढे गेला होता.

या औषधांनी आज बरं वाटत नाही, पुढचा अटॅक टळतो. न आलेला अटॅक दिसणार कसा? "तीन महिने झाले, फरक नाही" म्हणणाऱ्या उतावळ्यांशी मी वाद घालत नाही, घरी बोलावते आणि जिना चढून दाखवते.

स्टेरॉइडने लगेच उतार पडतो म्हणून तेच खरं औषध समजू नका. त्याने आलेला अटॅक ओसरतो, पुढचा थांबत नाही.

फिंगोलिमॉडच्या आधी मी इंटरफेरॉन या एमएसच्याच इंजेक्शनांवर होते. इंजेक्शनं २ ते ८ अंशांत हवीत. फ्रीजरला चिकटून गोठलं की ते फेकायचंच. प्रवासात बर्फाला थेट टेकवू नये, मी मध्ये पंचा गुंडाळायचे. जागा बदलायला कॅलेंडरवर डा.मां., उ.मां., पोट असं लिहायचे. एकाच मांडीत टोचत राहून मग "गाठ आली" म्हणून रडू नका.

डायमिथाइल फ्युमरेट हे एमएसचं औषध रिकाम्या पोटी? तोंड लालबुंद, पोटात मुरडा. आधी जेवा.

चुकलेला डोस दुप्पट करून भरून काढायचा नाही.

एमएससाठी टेरिफ्लुनोमाइडची गोळी घेणाऱ्यांनो, मूल हवं असेल तर आधी डॉक्टर, मग बाळ. गोळी थांबवली तरी ती महिनोन्‌महिने अंगात रेंगाळते, दुसरं औषध देऊन काढावी लागते.

आणि पैशांची ओढाताण असेल तर तोंड उघडून सांगा. गुपचूप एक दिवसाआड गोळी घेणारे मला 'औषधं सोड, चूर्ण घे' म्हणणाऱ्या नातेवाइकांपेक्षा जास्त घाबरवतात. खर्च परवडत नाही म्हणून आपल्याकडे कितीतरी जणांना सहा महिन्यांतून एकदा सलाइनमधून रिटुक्सिमॅब हे त्यातल्या त्यात स्वस्त औषध दिलं जातं. पण डॉक्टरांना अडचण कळली तरच ते सुचवतील ना!