थांबा, बघून सांगते

ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका सीए ऑफिसात मी जीएसटीचं काम बघते. २०२३ च्या दिवाळीआधी, म्हणजे तिथे लागून जेमतेम चार महिने झाले असताना, वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपवाल्या काकांचा फोन आला. "मॅडम, माल पोचवायला टेम्पो घेतलाय. बिलातल्या जीएसटीचं क्रेडिट मिळतं ना?"

"नाही काका, गाडीवर मिळत नाही," मी ताडकन सांगून मोकळी झाले.

क्रेडिट म्हणजे धंद्याच्या खरेदीवर भरलेला जीएसटी आपण भरायच्या जीएसटीतून वजा करणं. ते कुठे मिळत नाही हे सांगणारं जीएसटी कायद्याचं कलम १७(५) मला पाठ होतं. अर्धं. त्यात अडवलंय ते माणसं नेणाऱ्या, ड्रायव्हर धरून तेरापर्यंत सीटच्या गाड्यांचं क्रेडिट. मालवाहू टेम्पोला ती आडकाठी नाहीच. आठ लाखांचा टेम्पो, तेव्हाचा दर २८ टक्के. एका वाक्यात काकांचे २ लाख २४ हजार घालवले होते मी.

शंका फोन ठेवतानाच आली होती, हे कबूल करते. पण वयाने दुप्पट असलेला माणूस 'मॅडम' म्हणतो तेव्हा "मला माहीत नाही" हे शब्द घशातच अडकतात. शेजारच्या टेबलावर सर बसले होते, त्यांनाही विचारलं नाही.

पुढच्या ऑगस्टमध्ये ताळेबंद बघताना सरांची पेन्सिल टेम्पोच्या आकड्यावर थांबली. "किंमत टॅक्ससकट का धरलीय?" मी सांगितलं. ते ओरडले असते तर परवडलं असतं. त्यांनी नुसतं कायद्याचं पुस्तक माझ्याकडे सरकवलं. नशीब, टॅक्सच्या रकमेवर घसारा, म्हणजे वापराने घटणाऱ्या किमतीची वजावट, घेऊन आयकराचं रिटर्न भरलेलं नव्हतं. तसं झालं असतं तर क्रेडिटवर पाणी सोडावं लागलं असतं. मुदतही उरली होती. २०२३-२४ च्या बिलाचं क्रेडिट ३० नोव्हेंबर २०२४ पर्यंत, किंवा त्याआधी जीएसटीचं वार्षिक रिटर्न भरलं तर तोवर, घेता येत होतं.

काकांना फोन मात्र मलाच करायला लावला. "काका, माझं चुकलं होतं. क्रेडिट मिळतं." पलीकडे बराच वेळ नुसता लेथचा आवाज. मग, "यावेळी नक्की ना, मॅडम?" आजही ते प्रत्येक प्रश्नाच्या शेवटी "बघून सांगा हं" जोडतात. जोडू देत.

नव्याने या कामात येणाऱ्यांनो, नुसतं "माहीत नाही" म्हणून गप्प बसू नका, क्लायंट घाबरतो. "गाडी मालाची की माणसांची, बिल फर्मच्या नावावर आहे का, हे तपासून उद्या बारापर्यंत सांगते," असं म्हणा. आणि उत्तर सापडलं नसलं तरी बारा वाजता फोन करा. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या 'मोठ्या बदलां'वर विसंबू नका. मूळ अधिसूचना उघडा, ती कोणत्या तारखेपासून लागू आहे ते आधी बघा. माझ्या वहीत मागच्या बाजूला एक पान आहे: उत्तर दिलं, पण खात्री नव्हती. शनिवारी ते पान घेऊन बसते. कधी दोन ओळी असतात, कधी अकरा.

ते पान भरायचं थांबेल असं वाटायचं. मग २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले आणि ज्या टेम्पोवर काकांनी २८ टक्के भरले तो १८ वर आला. १ एप्रिल २०२६ पासून तर १९६१ च्या आयकर कायद्याच्या जागी नवाच कायदा. सर इतकी वर्षं कलमांच्या आकड्यांतच बोलत आलेत. आता त्यांच्या मॉनिटरला एक कागद चिकटवलाय, डावीकडे जुनी कलमं, उजवीकडे नवी. करबचतीच्या ८०सी समोर १२३. सगळं पेन्सिलीने लिहिलंय. पेनने का नाही, विचारलं तर म्हणाले, "अजून तेवढी ओळख नाही झाली."