लॉ ला जायचंय? तीन की पाच नंतर बघू, आधी कागद काढा

बारावीचा निकाल लागला की माझा फोन वाजायला लागतो. कुणाचा तरी मावसभाऊ, कुणाची तरी पुतणी, आणि प्रश्न ठरलेला, दादा लॉ ला टाकायचंय, तीन वर्षांचं बरं की पाच? मी जिल्हा कोर्टात प्रॅक्टिस करतो, बीकॉम करून तीन वर्षांवालं एलएलबी केलंय, म्हणून लोकांना वाटतं ह्याला सगळं माहिती असणार. पण निकाल लागल्यावर फोन केलात तर मला पहिलं वाक्य हेच बोलावं लागतं की बाबा, सीईटीचे (लॉच्या प्रवेश परीक्षेचे) फॉर्म कधीच बंद झाले.

म्हणजे कॅलेंडर असं धरा. क्लॅट, म्हणजे नॅशनल लॉ युनिव्हर्सिटींची देशपातळीवरची प्रवेश परीक्षा, द्यायची असेल तर बारावी सुरू झाल्या झाल्या जुलै-ऑगस्टकडे लक्ष ठेवा, फॉर्म तेव्हा येतात आणि पेपर डिसेंबरमध्ये होतो. महाराष्ट्राच्या सीईटी सेलची लॉ सीईटी वेगळी, तिचे फॉर्म साधारण डिसेंबर-जानेवारीच्या आसपास सुरू होतात आणि तीन वर्षांची नि पाच वर्षांची परीक्षाही वेगवेगळी असते. चुकून तीनचा फॉर्म भरून पैसे भरलेली बारावीची पोरं मी बघितलीत, हसू नका.

आता तीन की पाच. पाच वर्षांचं बारावीनंतर, तीन वर्षांचं कुठल्याही ग्रॅज्युएशननंतर, दोन्हीकडे ओपनला किमान ४५ टक्के, ओबीसीला ४२ आणि एससी-एसटीला ४० लागतात. हिशोब केला तर बारावीनंतर एकीकडे ५ वर्षं आणि दुसरीकडे ३ अधिक ३ म्हणजे ६, फरक फक्त एका वर्षाचा. वकिली दोघांचीही सारखीच, कोर्टात जज विचारत नाहीत की तू कुठल्या कोर्सचा. त्यामुळे माझं मत विचाराल तर वकीलच व्हायचंय हे सतराव्या-अठराव्या वर्षी पक्कं असेल तरच पाच घ्या, कारण बार कौन्सिलच्या (वकिलांच्या नियामक संस्थेच्या) नियमात मधूनच बाहेर पडायची किंवा मधल्या वर्षाला येऊन शिरायची वाट नाही, आणि दोन वर्षांनी "मला यूपीएससी करायचीय" असं वाटलं तर हातात धड काही नसतं. ज्याचं अजून ठरत नाही त्याने खुशाल बीए-बीकॉम करावं, टॅक्समध्ये जायचं असेल तर बीकॉम पुढे खरंच कामाला येतं.

मुंबईतल्या मोठ्या लॉ फर्म, कॉर्पोरेट वगैरे डोक्यात असेल तर मात्र नॅशनल लॉ युनिव्हर्सिटीचा दरवाजा क्लॅटमधून आहे, आपल्याकडे मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला अशा तीन आहेत, फी लाखांत जाते हे घरी आधीच सांगून ठेवा. क्लॅटला २ तासांत १२० प्रश्न, सगळे उतारे वाचून सोडवायचे, चुकलं की पाव मार्क कापतात, आणि पेपर इंग्रजीत. सीईटीला निगेटिव्ह मार्किंग नाही, म्हणून एकही प्रश्न रिकामा सोडू नका, शिवाय पेपर मराठीतूनही असतो. मुंबईचं गव्हर्नमेंट लॉ कॉलेज (१८५५ पासूनचं) आणि पुण्याचं आयएलएस ही दोन्ही सीईटीवरच भरतात, क्लॅटचा स्कोअर तिथे चालत नाही. आणि तालुक्याला, जिल्ह्याला प्रॅक्टिस करायची असेल तर जवळचं बरं कॉलेज आणि कॉलेजपासूनच एखाद्या सिनियरकडे उठबस हे मला जास्त मोलाचं वाटतं, तिथलं बरंचसं कामकाज मराठीत चालतं.

जज व्हायचं म्हणणाऱ्यांसाठी, २० मे २०२५ ला सुप्रीम कोर्टाने सिव्हिल जज ज्युनिअर डिव्हिजनसाठी ३ वर्षं प्रॅक्टिसची अट परत आणली, म्हणजे डिग्री घेऊन थेट जेएमएफसीच्या (म्हणजे ह्याच खालच्या कोर्टातल्या जजच्या) परीक्षेला बसायचा प्लॅन कुणी सांगत असेल तर त्याला हे विचारा.

नोकरी सांभाळून लॉ होतं का, हा दुसरा लाडका प्रश्न. नियमाप्रमाणे प्रत्येक विषयाला ७० टक्के हजेरी लागते. घरबसल्या एलएलबी देतो म्हणणारा भेटला तर लांब राहा, डिस्टन्सच्या एलएलबीवर सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, मिळत नाही. मुक्त विद्यापीठाची बीए चालते, पण दहावी-बारावी करून मग केलेली असेल तर, बारावी न करता थेट प्रवेश घेऊन केलेल्या डिग्रीवर अडकतं. कॉलेज बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या मान्य यादीत आहे का ते आधी बघा, बिल्डिंग बघून भुलू नका.

आता कागद, कारण खरी मारामार इथे होते. गेल्या वर्षी माझ्या भाच्याबरोबर रात्री साडेदहाला सायबर कॅफेत बसलो होतो, स्कोअर चांगला, ओबीसी, सगळं अपलोड झालं आणि नॉन-क्रिमी लेयरचं सर्टिफिकेट उघडलं तर खाली मुदत त्याच वर्षीच्या ३१ मार्चची, म्हणजे संपलेली. लागतं पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंतचं. ते काढायला ३ वर्षांचं उत्पन्न दाखवावं लागतं, म्हणजे तलाठी, मग तहसील, मग सेतू, आणि सगळी पोरं एकदमच येतात. कॅफेवाला शांतपणे म्हणाला, "दर वर्षी दहा जण तरी येतात असे." म्हणून एप्रिल लागला की अर्ज टाकून द्या. जात वैधता त्याहून आधी, बारावीत असतानाच. डोमिसाईल, लिव्हिंग सर्टिफिकेट, मार्कलिस्ट, मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं अ‍ॅफिडेव्हिट, सगळं स्कॅन करून एका फोल्डरमध्ये, फोनमध्ये इकडेतिकडे नको.

कॅपचा (सीईटी सेलच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांचा) ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेजांची पसंतीची यादी, भरताना मात्र डोकं शांत ठेवा. मार्क कमी आहेत म्हणून आवडतं कॉलेज खाली ढकलू नका, यादी वरून खाली बघितली जाते, वर टाकल्याने खालचं जात नाही. उलट जिथे मिळालं तरी जाणारच नाही ते नाव नुसतं भरायला म्हणून टाकू नका. मागच्या वर्षीचे कटऑफ सीईटी सेलच्या साइटवर असतात, ते शेजारी उघडून बसा. राउंड लांबतात, कधी दिवाळी तोंडावर येईपर्यंत, तेवढ्यात घाबरून कुठेतरी मॅनेजमेंट कोट्यात पैसे भरून मोकळे होणारे खूप असतात.

डिग्रीनंतर महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे सनद, ओपनला ७५० रुपये, एससी-एसटीला १२५, त्याहून जास्त एनरोलमेंट फी घेता येत नाही असं सुप्रीम कोर्टाने जुलै २०२४ मध्ये सांगितलंय, आणि मग एआयबीई, म्हणजे बार कौन्सिल ऑफ इंडियाची वकिलांसाठीची परीक्षा. सनद घेतल्यावर पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही हेही नोकरीवाल्यांनी लक्षात घ्या. माझ्या वेळी सनदीला दहावीच्या सर्टिफिकेटवर आईचं नाव एक आणि बीकॉमच्या मार्कलिस्टवर दुसरं निघालं, त्या एका वेलांटीपायी अ‍ॅफिडेव्हिट, नोटरी आणि दोन फेऱ्या झाल्या. तुमची दहावीची मार्कलिस्ट आत्ता कपाटातून काढा आणि आधार कार्डाशेजारी ठेवून वाचा.