प्रिंटरचा यूएसबी पोर्ट मोडला? मेकॅनिककडे नेण्याआधी हे करून पाहा

आमच्याकडे झालं ते असं. झाडू मारताना प्रिंटरचं टेबल भिंतीकडे ढकललं आणि मागून 'कट्' असा आवाज आला. केबलचं टोक भिंतीला टेकून वाकडं झालं होतं. त्यानंतर कॉम्प्युटर म्हणतोय प्रिंटर ऑफलाइन, आणि लेकीचं हॉल तिकीट सकाळच्या आत हवं!

अशा वेळी आपला हात आधी केबल हलवून बघायला जातो. तेवढं करू नका. प्रिंटर त्याच्याच बटणाने बंद करा. इंकजेट असेल तर तेव्हा त्याचं हेड, म्हणजे कागदावर शाई सोडणारा भाग, जागेवर जाऊन झाकलं जातं. भिंतीवरचं बटण थेट बंद केलं तर हेड उघडं राहून शाई वाळू शकते. मग केबलचं कॉम्प्युटरकडचं टोक काढा, त्यानंतर प्रिंटरकडचं, आणि सरळ रेषेत.

प्रिंटर स्वतः धड आहे का?

स्कॅनरवाला प्रिंटर असेल तर कुठलाही कागद काचेवर ठेवा, प्रिंटर परत चालू करा आणि कॉपीचं बटण दाबा. झेरॉक्स नीट आली म्हणजे शाई, रोलर, हेड सगळं ठीक. घोळ फक्त जोडणीत आहे. नुसता प्रिंटर असेल तर कॉम्प्युटरशिवाय टेस्ट पेज काढायची सोय बहुतेक मॉडेलांत असते. कुठलं बटण दाबून धरायचं ते माहितीपुस्तिकेत मिळेल.

आता टॉर्च घ्या

प्रिंटर बंद करून प्लग काढा आणि पोर्टमध्ये उजेड टाका. हा पोर्ट जवळजवळ चौकोनी असतो, वरचे दोन कोपरे तिरके. आत मधोमध प्लॅस्टिकची छोटी जीभ, तिच्या वर दोन आणि खाली दोन पितळी पट्ट्या. या चारपैकी एकीत कॉम्प्युटरकडून ५ व्होल्ट येतात, एक ग्राउंड, आणि उरलेल्या दोन डेटासाठी. वाकलेल्या पट्टीमुळे ५ व्होल्ट आणि ग्राउंड एकमेकांना चिकटले तर शॉर्ट होतो, आणि कॉम्प्युटरचाही पोर्ट जाऊ शकतो. म्हणून आत बघितल्याशिवाय 'लावून तर बघू' नको.

जीभ शाबूत असेल आणि एखादीच पट्टी उचलली गेली असेल, तर लाकडी टूथपिकने हलकेच जागेवर बसवा. एकदाच. पातळ धातू दोन-तीनदा मागे-पुढे केला की तुटतो. सेफ्टी पिन, सुई वगैरे लांब ठेवा. जीभच तुटली असेल तर फेविक्विकचा मोह टाळा; ते ओघळून पट्ट्यांवर बसतं आणि मग करंट जात नाही.

केबलचं टोकही तपासा. माझ्या केबलची धातूची चौकट एका बाजूला चेपली होती. अशी केबल चांगल्या पोर्टचंही नुकसान करते, ती फेकाच.

प्रिंटरला लॅनची (राउटरची तार लावायची) खाच असेल तर तिथेही डोकावा. अंधारात चाचपडत लावताना यूएसबीचं चौकोनी टोक तिथेही सैलसर जातं आणि आतल्या बारीक तारा वाकतात.

दुसऱ्या केबलने चाचणी

पट्ट्या एकमेकींना लागत नाहीत याची खात्री झाली की दुसरी केबल घ्या. आखूड घ्या, ५ मीटरहून लांब तर नकोच, आणि हब न वापरता थेट कॉम्प्युटरला लावा. विंडोजने काहीच दाद दिली नाही, तर कनेक्शन मुळातच होत नाहीये. 'अननोन यूएसबी डिव्हाइस' आलं तर वीज पोचतेय, बहुधा डेटाच्या पट्टीत गडबड आहे. पॉवर सर्जचा इशारा दिसला तर केबल तत्काळ काढा, पुन्हा लावू नका.

केबल एका कोनात धरली तरच चालते? मग पोर्टचा डाख निसटला आहे. मीही बसच्या तिकिटाची घडी केबलखाली सारून दोन पानं काढली. तिसऱ्याला अर्ध्यावर थांबलं.

पोर्टशिवाय काम भागवा

वायफाय असेल तर निम्मी चिंता मिटली. यूएसबी केबल पूर्ण काढा, कारण ती लावलेली असताना काही मॉडेलांचं वायफाय बंद राहतं. प्रिंटरचं वायफाय बटण माहितीपुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे दाबा आणि २ मिनिटांच्या आत राउटरवरचं डब्ल्यूपीएस बटण (पासवर्ड न टाकता जोडणी करून देणारं) दाबा. घरगुती प्रिंटर बरेचदा २.४ गिगाहर्ट्झचंच नेटवर्क पकडतात, तेव्हा राउटरवर ते चालू हवं.

इथे बहुतेक जण अडकतात: प्रिंटर वायफायवर आला तरी विंडोजमधलं जुनं चिन्ह यूएसबीकडेच कागद पाठवत राहतं. रांगेत अडकलेली कामं रद्द करा, ते चिन्ह काढून टाका आणि सेटिंग्जमधून प्रिंटर नव्याने जोडा. वायफाय नसेल पण लॅन असेल, तर राउटरपासून एक तार ओढा.

दुरुस्तीला न्यायचं असेल तर

पोर्ट चार पिना आणि दोन पायांनी बोर्डावर डाखलेला असतो. सुटा भाग स्वस्त असतो, पैसे खोलण्याचे आणि कारागिरीचे. म्हणून आधीच विचारा: 'नुसता पोर्ट बदलून द्याल की अख्खा बोर्ड?' पडून-आदळून झालेली मोडतोड वॉरंटीत सहसा बसत नाही. इंक टँकचा प्रिंटर नेताना आडवा करू नका, गाडीची सीट निळी होते.

आमचं हॉल तिकीट रात्री साडेअकराला वायफायवरून निघालं. पोर्ट अजून तसाच आहे. कोणी चुकून केबल खुपसू नये म्हणून त्यावर काळी इन्सुलेशन टेप चिकटवली आहे.