एमएएचचे कूलॉम कसे करायचे
मोबाईलच्या बॅटरीवर ५००० एमएएच (मिलिअँपिअर-अवर) लिहिलेलं असतं आणि फिजिक्सच्या पुस्तकात चार्ज कूलॉममध्ये, बारावीची पोरं इथेच अडकतात. एवढंच धरा की एक अँपिअर म्हणजे सेकंदाला एक कूलॉम, आणि तासाचे सेकंद ३६००, म्हणून १ अँपिअर-अवर म्हणजे ३६०० कूलॉम आणि त्याचा हजारावा भाग १ एमएएच, म्हणजे ३.६ कूलॉम. मग ५००० गुणिले ३.६, झाले १८,००० कूलॉम. घरच्या इन्व्हर्टरची १५० एएचची (अँपिअर-अवरची) बॅटरी? १५० गुणिले ३६००, तब्बल ५,४०,००० कूलॉम! उलटं, म्हणजे कूलॉमवरून एमएएचकडे जायचं तर ३.६ ने भागा. इलेक्ट्रॉन मोजायचे असतील तर कूलॉमला एका इलेक्ट्रॉनच्या चार्जने, म्हणजे १.६ गुणिले १० रेज टू मायनस १९ ने भागायचं, आणि भागताना तो मायनस वर जाऊन प्लस होतो हे नीट बघा, मार्क तिथेच जातात.