रोटरी आणि पिस्टन इंजिनाची पॉवर-वजन तुलना करायची कशी

रोटरीवाले म्हणणार १.३ लिटरमधून २५० हॉर्सपॉवर काढून दाखवा, पिस्टनवाले म्हणणार टॉर्क (शाफ्ट फिरवायचा जोर) कुठंय आणि पेट्रोल कोण भरणार, आणि हा वाद रात्रभर चालतो कारण दोघं वेगवेगळे आकडे धरून बसलेले असतात. तर आधी आकडे एका पातळीवर आणायचे. (इथे रोटरी म्हणजे वांकेल इंजिन, ज्यात पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरतो. पहिल्या महायुद्धातल्या विमानांत अख्खे सिलिंडरच गरगर फिरायचे, त्यांनाही रोटरीच म्हणायचे, पण त्यात पिस्टनच होते, ते वेगळं प्रकरण.)

सुरुवात सीसीपासून, कारण सगळा घोळ तिथेच आहे. माझदाच्या १३बी इंजिनात दोन रोटर, प्रत्येकी ६५४ सीसी, म्हणून कागदावर १३०८. पण ६५४ हा रोटरच्या तीन बाजूंपैकी एकाच बाजूच्या चेंबरचा आकडा आहे. रोटरची एक फेरी होते तेवढ्यात शाफ्टच्या तीन होतात, म्हणजे शाफ्टच्या प्रत्येक फेरीला प्रत्येक रोटर एकदा पॉवर देतो, आणि फोर स्ट्रोक पिस्टन मात्र दोन फेऱ्यांत एकदाच देतो. मग दोन्हीकडे दोन-दोन फेऱ्या धरा, १३बी तेवढ्यात २६१६ सीसी हवा-पेट्रोलचं मिश्रण ओढून घेतं. थोडक्यात रोटरीचे सीसी दुप्पट करा आणि मगच पिस्टनच्या शेजारी ठेवा. जपानमध्ये गाडीच्या टॅक्ससाठी दीडपट धरतात, पण तो टॅक्सचा हिशोब झाला.

आता दोन स्पोर्ट्स गाड्या घ्या, १३बीवाली माझदा आरएक्स-८ आणि २ लिटर पिस्टनवाली होंडा एस२०००, दोन्ही विनाटर्बो, दोन्ही जपानी मार्केटमध्ये २५० पीएस (मेट्रिक हॉर्सपॉवर). माझदा ८५०० आरपीएमला, होंडा ८३०० ला. टॉर्क २१६ आणि २१८ न्यूटन मीटर, म्हणजे जवळपास सारखाच. १.३ विरुद्ध २.० म्हटलं की रोटरी चमत्कार वाटते, २.६ विरुद्ध २.० म्हटलं की होंडाच पुढे! त्यामुळे "पर लिटर पॉवर" हा मुद्दा रोटरीच्या बाजूने मांडूच नका, तिथे ती हरते.

तिची खरी बाजू आकार आणि वजन. व्हॉल्व्ह नाही, कॅमशाफ्ट नाही, कनेक्टिंग रॉड नाही, सिलिंडर हेड नाही. इंजिन इतकं छोटं की आरएक्स-८ मध्ये ते पुढच्या चाकांच्या मागे सरकवता आलं, आणि हा फायदा वजनकाट्यावर दिसतच नाही. पण १३बीच्या बाजूच्या प्लेट्स बिडाच्या, त्यामुळे दिसतं तेवढं हलकं ते नाही.

वजन घेताना नुसत्या ब्लॉकचा आकडा कुणी दिला तर सोडून द्या. स्टार्टर, अल्टरनेटर, एक्झॉस्ट, रेडिएटर पाण्यासकट, ऑइल कूलर तेलासकट, माउंट, सगळं धरायचं. रोटरीत रोटर थंड ठेवायचं काम तेलच करतं म्हणून ऑइल कूलर दणदणीत लागतो, आणि एक्झॉस्ट भयानक तापतो म्हणून तिथलं सामानही जाड. विमानात अजून गंमत. लायकमिंग ओ-३६० हे विमानाचं पिस्टन इंजिन १८० हॉर्सपॉवर २७०० आरपीएमलाच देतं, प्रोपेलर थेट शाफ्टवर, हवेनेच थंड होतं म्हणून रेडिएटर नाही. रोटरीला तेवढ्या पॉवरसाठी दुपटीहून जास्त फिरावं लागतं, मग प्रोपेलरचा वेग कमी करायला मध्ये रिडक्शन गिअरबॉक्स आला, आणि वाचवलेले किलो तिथेच परत चढतात.

मग इंधन, जे बहुतेक लोक विसरतात. रोटरीचं चेंबर लांबट आणि चपटं, भिंती जास्त, त्यामुळे उष्णता भिंतीतच जाते आणि थोडं मिश्रण न जळताच बाहेर पडतं. समजा दोन्ही इंजिनं सतत ७५ किलोवॅट देतायत, पिस्टन प्रति किलोवॅट-तास २८० ग्रॅम खातं आणि रोटरी ३२० (आकडे नमुन्याचे, तुमच्या इंजिनाचे टाका). तासाला २१ किलो विरुद्ध २४. रोटरी फिटिंगसकट ३० किलोंनी हलकी असली तरी दहा तासांच्या इंधनात ते ३० किलो संपले. दोन तासच चालवायचंय तर रोटरी २४ किलोंनी पुढे. म्हणून "कोणतं हलकं" विचारण्याआधी किती वेळ चालवायचंय ते ठरवा.

टर्बोवालं रोटरी विनाटर्बो पिस्टनशी लावू नका, आणि नुसती पीक पॉवर बघू नका, टॉर्कचा अख्खा ग्राफ मागा. न्यूटन मीटर गुणिले आरपीएम भागिले ९५४९ केलं की कुठल्याही आरपीएमची किलोवॅट पॉवर हातात येते, मग तुम्ही रोज ज्या आरपीएमला चालवणार तिथली बघा. ९००० ला कितीही असो, २५०० ला रोटरी ढिलीच वाटते.

जिथे इंजिन कायम वरच्या आरपीएमला पळतं तिथे मात्र ती खरंच भारी. १९९१ ला ल मॉंची २४ तासांची शर्यत जिंकलेल्या माझदा ७८७बी मधलं चार रोटरचं आर२६बी, टर्बोशिवाय ७०० हॉर्सपॉवर, वजन साधारण १८० किलो. आणि दुसऱ्या टोकाला एएसएच २६ ई हे इंजिनवालं ग्लायडर, त्यात एकच छोटा रोटर, कारण अरुंद धडात तो मावतो आणि वर चढून झालं की इंजिन बंदच करायचं असतं, मग पेट्रोल जास्त खाल्लं तरी कोण विचारतंय.