बाराटांगच्या चुनखडीच्या गुहा पाहायला जाताना

अंदमानात सेल्युलर जेल पाहून झाल्यावर बाराटांग बेटावरच्या चुनखडीच्या गुहांसाठी एक पूर्ण दिवस राखून ठेवावा आणि पोर्ट ब्लेअरहून (आताचे श्रीविजयपुरम) पहाटेच निघावे, कारण जिरकाटांगच्या नाक्यापासून पुढचा रस्ता जारवा या आदिवासी जमातीच्या राखीव क्षेत्रातून जातो आणि तेथे ठरलेल्या वेळीच वाहनांचे ताफे सोडले जातात. या टप्प्यात गाडी थांबवणे, जारवांचे फोटो काढणे किंवा त्यांना खाऊ देणे हा गुन्हा आहे. मुलांना हे आधीच नीट समजावून सांगावे.

मिडल स्ट्रेट या सामुद्रधुनीच्या धक्क्यावरून बोटीने पलीकडे बाराटांगला गेल्यावर लहान बोट खारफुटीच्या अरुंद खाडीत शिरते, फांद्या डोक्यावर येतात आणि अंग आक्रसून बसावे लागते. तो प्रवास मला गुहेइतकाच मोलाचा वाटतो. पुढे जंगलातून सुमारे दीड किलोमीटर चालायचे असल्याने मागे पट्टा असलेली, न घसरणारी पादत्राणे, पाणी आणि स्वतःची विजेरी जवळ असावी.

गुहेत वाटाड्याच्या मागोमाग चालावे. छतातून लोंबणाऱ्या लवणस्तंभाच्या टोकाशी पाण्याचा थेंब थरथरत असतो, त्यातला चुना कणाकणाने साचूनच हे आकार हजारो वर्षांत घडले आहेत. बोटांचा तेलकटपणा लागला की तेथे चुना धरत नाही आणि खडक काळा पडतो, म्हणून वाटाड्या दाखवील ते डोळ्यांनीच पाहावे, भिंतीचा आधारही शक्यतो घेऊ नये. परतीच्या ताफ्याची वेळ चालकाला आधीच विचारून ठेवावी.